नखांची निगा: घरी शिकावी की वर्गात?

वयाची सत्तरी ओलांडली की आपल्याच पायाचा अंगठा फार दूर गेल्यासारखा वाटू लागतो. कंबर वाकत नाही, मोतीबिंदूमुळे नखाची कड नीट दिसत नाही, नेलकटर दाबण्याइतके बळ बोटांत उरत नाही. नेमक्या याच वयात नख जाड, ठिसूळ आणि वाकडे होऊ लागते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या साधारण निम्मेच. अंगठ्याचे नख मुळापाशी दुखावले, तर ते पुन्हा पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि उतारवयात ही गती आणखी मंदावते. म्हणून नख कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न आपण समजतो तितका किरकोळ नाही.

हाच प्रश्न आता घरांत नव्या वाटेने येतो आहे. सून किंवा नात म्हणते, "मला नखांचे काम शिकायचे आहे." नखांची निगा, रंग, नक्षी, कृत्रिम नखे असे सगळे करणारीला आता 'नेल टेक्निशियन' म्हणतात. मोबाईलवर या कामाचे अभ्यासक्रम मिळतात, साहित्याची पेटी घरपोच येते. दुसरी वाट वर्गाची. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील आडगावाहून रोज एसटीने हिंगोलीला जायचे, किंवा महिनाभर घर सोडून राहायचे. वाट कोणतीही असो, पहिला सराव बहुधा घरातल्या आजीच्या पायांवरच होतो. तेव्हा वाचकहो, या निवडीत आपले मतही घेतले जावे, असा आग्रह आपण अवश्य धरावा.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. गावगाड्यात नाभिक कारागीर धोकटी घेऊन घरी येत, दाढी-हजामतीबरोबर नऱ्हाणीने नखेही काढून देत. नऱ्हाणी म्हणजे टोकाशी धार असलेली लोखंडी पट्टी. तिच्याने नख कापत नसत, तर हलकेच तासून काढत. ही कला त्यांनी कोठे शिकली? पुस्तकात नाही आणि फळ्यासमोरही नाही. मुलगा वर्षानुवर्षे बापाशेजारी बसे, आधी हत्यार पुसून देई, मग एखादे बोट त्याच्या हाती येई, आणि हात जरा जड पडला की बाप तेथेच थांबवी. शिक्षण घरातले होते, पण एकट्याचे नव्हते. घर की वर्ग, हा वाद घालताना आपण हे विसरतो. शिकणाऱ्या हाताजवळ जाणता डोळा आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

नखाची रचना, त्याचे थर, कातडीशी असलेले त्याचे नाते, साहित्याची नावे, स्वच्छतेचे नियम हे सारे घरी बसून उत्तम शिकता येते. उलट दृश्यफीत थांबवून पुन्हा पाहता येते, ही सोय वर्गात नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. घरी शिकून पदवी मिळवणारी कितीतरी माणसे आपल्या ओळखीत असतील. पण त्या विद्यापीठानेही अभ्यासकेंद्रे ठेवलीच, कारण काही गोष्टी पुस्तक घरी पाठवून शिकवता येत नाहीत. नख कापताना हाताला जाणवणारा विरोध ही त्यांपैकीच एक. कोरडे नख कापताना तडकते, कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवलेले नख मऊ होते. पण किती मऊ झाल्यावर किती दाबायचे, हे पडद्यावर दिसत नाही. शिकाऊ हात हमखास चुकतो तो कोपऱ्यात. नख सुबक दिसावे म्हणून तो कडेला गोलाई देत आत शिरतो. पुढे तेथूनच नख मांसात वाढते, नखुरडे होते, आणि वृद्ध माणूस महिनाभर चपलेत पाय घालू शकत नाही. पायाचे नख सरळ रेषेत कापावे आणि कोपरे कानशीने फक्त बोथट करावेत, हे एका वाक्यात सांगता येते. हाताला त्याची सवय लागायला मात्र कोणीतरी शेजारी बसून टोकावे लागते.

आपल्या जिल्ह्यापुरते एक उदाहरण देतो. वसमत परिसराची ओळख हळदीमुळे आहे. तेथील हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काढणे, शिजवणे, वाळवणे यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्या हातांची नखे पिवळसर दिसतात. परप्रांतातील किंवा परदेशातील शिक्षिकेची फीत पाहून शिकलेली मुलगी पिवळे नख दिसताच बुरशी म्हणेल, किंवा याच्या उलट, बुरशीला हळद म्हणून सोडून देईल. हळदीचा रंग नखाच्या वरच्या पृष्ठावर असतो. नख गुळगुळीत आणि घट्टच राहते, आणि काम थांबले की वाढीबरोबर रंग पुढे सरकत निघून जातो. बुरशीचे नख जाड होते, त्याचा भुगा पडतो, ते खालून सुटू लागते, आणि बहुधा ते पायाचे असते. पावसाळ्यात चिखलात राबून बोटांच्या बेचक्यांत ज्यांना वारंवार चिखल्या होतात, त्यांच्या नखांत ती सहज शिरते. पंचक्रोशीतील हात पाहिलेल्या शिक्षिकेच्या वर्गात हा फरक बोलता बोलता कळून जातो.

बुरशी आहे असे वाटले, तर तेथे शिकाऊ मुलीचे काम संपते आणि डॉक्टरांचे सुरू होते. 'मी हे करणार नाही' असे म्हणता येणे हा या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि घरी एकट्याने शिकताना नेमका तोच राहून जातो, असे मला वाटते. मधुमेहाचे उदाहरण घ्या. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. कात्री कातडीत गेली तरी ती 'आई गं' म्हणत नाही, आणि शिकणारीला वाटते, सगळे ठीक चालले आहे. दवाखान्यात दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने तळपायाला स्पर्श करून ही संवेदना तपासतात. तपासणी सोपी आणि वेदनारहित असते, मधुमेहींनी ती वर्षातून एकदा करून घ्यावी. संवेदना कमी असेल, पाय गार पडत असतील, पायावर जखम असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर त्या पायावर सराव होता कामा नये, मग मुलगी कितीही हुशार असो. परदेशात पायांची निगा राखणारे वेगळे प्रशिक्षित तज्ज्ञ असतात. आपल्याकडे ते विरळच, म्हणून हा भार घरच्यांवर येतो.

आता हत्यारांकडे वळू. घरोघरी एकच नेलकटर खिळ्याला टांगलेले असते आणि ते सगळ्यांचे असते. घरात ते चालून जाते; पण तेच हत्यार चार बायकांच्या हातांवर फिरू लागले की गोष्ट बदलते. कावीळ 'ब'चे विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस तग धरतात. रक्ताचा थेंब डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असावा लागत नाही. हत्यारावर स्पिरिटचा बोळा फिरवला म्हणजे ते निर्जंतुक झाले, हा समज चुकीचा आहे. आधी साबण आणि ब्रश यांनी मळ काढायचा, मग निर्जंतुक करायचे, मग कोरडे करून झाकून ठेवायचे. उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवल्याने बहुतेक जंतू मरतात, सगळे नाहीत. दवाखान्यातील यंत्रात दाबाखालची १२१ अंशांची वाफ असते, ती याहून खात्रीची. कागदी कानस, घासण्याचा दगड, कापूस यांना मात्र धुऊन शुद्ध करता येत नाही. ते ज्याचे त्यालाच. आपली सून वर्गातून परत आली की तिला पहिला प्रश्न नक्षीचा नको, हा विचारा: "तेथे दोन जणींच्या मध्ये हत्यारांचे काय करतात?" ती अडखळली, तर वर्ग चांगला नाही असे खुशाल समजा.

कृत्रिम नखे आणि जेलचा रंग यांबद्दल माझे मत अधिक कडक आहे. हे काम एकटीने घरी पेटी मागवून शिकू नये. त्यांतील ॲक्रिलेट वर्गाची रसायने पूर्ण घट्ट होण्यापूर्वी कातडीला लागत राहिली, तर ॲलर्जी जडू शकते, आणि ती बहुधा आयुष्यभर राहते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली याविषयी जाहीर इशारा दिला होता. त्यात घरगुती पेट्यांचाही उल्लेख होता. दातांच्या भरणीत आणि गुडघा बदलताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्ये याच कुळातील द्रव्ये असतात. पंचविशीत जडलेली ॲलर्जी पासष्टीत शस्त्रक्रियेच्या वेळी आडवी येऊ शकते. (आजींनी हौसेने गडद रंग लावला असेल, तर दवाखान्यात जाण्यापूर्वी निदान एका बोटाचा तरी काढावा. बोटाला लावायच्या ऑक्सिजनमापकाचा अंदाज त्याने चुकू शकतो.)

शिकायचे कोठे? जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत ब्यूटी पार्लर व्यवस्थापनाचा साधारण महिनाभराचा अभ्यासक्रम असतो. शिक्षण, राहणे, जेवण सारे विनामूल्य. या संस्थांचा नमुना कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली उभा राहिला. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या योजनेत सौंदर्यशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. हात-पाय आणि नखांची निगा हा त्याचा भाग असतो. जवळच्या संस्थेत तो चालतो का, हे प्रवेशाच्या हंगामात विचारून घ्यावे. आणि जी घरीच शिकून चांगले काम करू लागली आहे, तिच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. या तीन वाटा सोडून महागडे खासगी प्रमाणपत्र आधी घेण्याची घाई करू नये.

पण खरी अडचण पैशाची नसतेच. जी मुलगी किंवा सून हे शिकू पाहते, तीच बहुधा घरातील आजारी माणसाची देखभाल करत असते. ती महिनाभर निवासी वर्गाला गेली, तर सकाळची औषधे कोण देणार, आजीला न्हाणीघरात कोण नेणार? मोबाईलवरचा अभ्यास तिला आवडतो तो सोपा म्हणून नव्हे, तर घर सोडता येत नाही म्हणून. त्यामुळे 'वर्गच बरा' असे आपण नुसते सांगून चालणार नाही. तिचा महिना मोकळा करून द्यावा लागेल. मुलगा महिनाभर सकाळी उशिरा शेतावर जाऊ शकतो. परगावची लेक आठवडाभर येऊ शकते. आजोबांची नखे नातू कापू शकतो. हे काम बाईचेच, असा काही नियम नाही. एवढेही जमत नसेल, तर लेखी भाग मोबाईलवर करून तिने गावातील किंवा तालुक्याच्या जाणत्या पार्लरवालीकडे आठवड्यातून दोन दुपारी नुसते शेजारी बसावे. नाभिकाचा मुलगा बसायचा तसे.

ती शिकत असताना आपण पाय पुढे करणार असाल, तर काही अटी घाला. पहिला महिना फक्त हाताची नखे आणि फक्त कानस. कात्री पुढच्या महिन्यात. वेळ सकाळची, जागा ओसरीवर उजेडाची. दिवेलागणीनंतर नखे कापू नयेत, ही आपल्या आजीची शिकवण कंदिलाच्या काळात शहाणपणाचीच होती. अंघोळीनंतर नख मऊ असते, तेव्हा काम सोपे जाते. पाय कोमट पाण्यात बुडवण्यापूर्वी पाणी किती गरम आहे हे शिकणारीने स्वतःच्या कोपराने पाहावे; ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना ते कळत नाही. काम झाल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायला सांगा. कुरूप असेल तर त्याला ब्लेड लावू देऊ नका. रक्त आलेच, तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरा, धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली ते आठवा, आणि दोन दिवसांनी त्या बोटाकडे पुन्हा एकदा चष्मा लावून पाहा.