फॅमिली डॉक्टरच्या वर्तनाची परीक्षा

'व्यावसायिक डॉक्टर' म्हटले की आपल्याकडे पैशावर डोळा ठेवणारा डॉक्टर नजरेपुढे येतो. 'प्रोफेशन' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ मात्र वेगळा आहे. तो म्हणजे जाहीरपणे दिलेले वचन. धर्मबंधू-भगिनींच्या व्रतग्रहणालाही हाच शब्द आहे. रुग्णाचे हित प्रथम, त्याच्या निर्णयाचा आदर आणि सामाजिक न्याय ही वैद्यकीय व्यावसायिकतेची तीन तत्त्वे २००२ साली अमेरिका व युरोपातील वैद्यकीय संस्थांनी जाहीर केली.

ही तत्त्वे शिकाऊ डॉक्टरच्या अंगी बाणली आहेत की नाही, हे कसे ओळखावे? प्रामाणिकपणावर उत्तम उत्तर लिहिणारा प्रामाणिक असेलच असे नाही. फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मोठ्या रुग्णालयात सहकाऱ्यांची नजर असते; दवाखान्यात तो बहुधा एकटाच असतो आणि घरोघरची गुपिते त्याच्यापाशी असतात. त्याचे वर्तन जवळून पाहण्याची संधी प्रशिक्षणाच्या काळातच मिळते.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रिचर्ड व सिल्व्हिया क्रूस यांनी सहकाऱ्यांसह २००६ साली एक निरीक्षणपत्रिका प्रसिद्ध केली. तीत २४ साध्या गोष्टी आहेत: रुग्णाचे लक्षपूर्वक ऐकले काय? स्वतःची मर्यादा ओळखली काय? चूक मान्य केली काय? वेळ पाळली काय? गुप्तता राखली काय? प्रत्येकीस चारपैकी एक श्रेणी दिली जाते. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांविषयी सहकाऱ्यांचे व रुग्णांचेही मत घेतले जाते.

हा खटाटोप व्यर्थ नाही. अमेरिकेत पुढे शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतील नोंदी तपासणारा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. कारवाई न झालेल्या डॉक्टरांच्या तुलनेत त्यांच्या नोंदींत गैरवर्तन आढळण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. बेजबाबदारपणा आणि स्वतःत सुधारणा करण्याची असमर्थता ही त्यांतील ठळक लक्षणे होती.

तथापि येथे दोन धोके संभवतात. 'पोराचे वर्ष कशाला वाया घालवा' म्हणून मार्गदर्शक प्रतिकूल शेरा लिहीत नाहीत. उलट, रात्रपाळीने थकलेला तरुण एकदा चिडला म्हणून त्याच्यावर कायमचा शिक्का बसू शकतो. म्हणून एका प्रसंगावर निर्णय नको. अनेकांनी, अनेक वेळा पाहावे. दोष दिसताच त्याच दिवशी एकांतात सांगावा आणि सुधारण्यास अवधी द्यावा. एवढे करूनही फरक पडला नाही, तर मात्र प्रमाणपत्र रोखण्याचे धैर्य हवे.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली वृत्ती, नीती व संवाद यांचा अभ्यासक्रम आखला आणि २०१९ पासून तो एमबीबीएसला लागू झाला. कुटुंबवैद्यकाचा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रमही आपल्याकडे आहे. त्या प्रशिक्षणात रुग्णांचे मत विचारण्याची पद्धत सर्वत्र रुजावी, असे आम्हास वाटते. डॉक्टरने आपले ऐकून घेतले की नाही, हे रुग्णाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?