लोणारचा दगड चंद्रावरचा नाही

मेहकरच्या एका वाचकानं विचारलं आहे, की लोणारच्या सरोवराकाठी चालताना पायाखाली येणारा काळा, छिद्राछिद्रांचा दगड चंद्रावरचा असतो का? उत्तर ‘नाही’ असं आहे. पण हा प्रश्न डोक्यात येतो तो २०१९ सालच्या एका बातमीमुळे, आणि ती बातमी खोटी नव्हती. पवईच्या आयआयटीतल्या अभ्यासकांनी सरोवरातल्या मातीची खनिजं तपासली, तेव्हा ती अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रशिलांतल्या खनिजांशी मिळतीजुळती निघाली. पुढे ही बातमी तोंडातोंडी गेली आणि ‘चंद्रासारखी माती’ची ‘चंद्राची माती’ कधी झाली ते कळलंच नाही.

साम्याचं कारण साधं आहे. चंद्रावर जे काळपट डाग दिसतात ती थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं, म्हणजे बेसाल्ट. दख्खनचं पठारही बेसाल्टचंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. दोन्हीकडे आकाशातून दगड येऊन आदळले, तेव्हा दोन्हीकडची मोडतोड एकमेकींसारखी दिसणारच. फरक ओळखायचा असेल तर भिंग घेऊन त्या छिद्रांत डोकवा. आपल्या काळ्या पाषाणातली पुष्कळशी छिद्रं पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली असतात. लाव्हा थंड झाल्यावर त्यातून पाणी झिरपलं आणि त्यानं झिओलाइट, कॅल्साइट असली खनिजं आणून भरली. कोरड्या चंद्रावर हा उद्योग कोण करणार? (भिंगातून पाहा आणि दगड तिथंच ठेवा. लोणार अभयारण्य आहे.)

बुलडाणा जिल्ह्यात समुद्र नाही, पण किनारा, कडा आणि तळं एकाच फेरीत हवं असेल तर लोणारसारखी जागा नाही. विवराची तोंडाजवळची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे काठावरून पूर्ण वेढा घातला तर सहा किलोमीटरांच्या आत-बाहेर चाल होते. खोली दीडशे मीटरांच्या जवळपास. धारेच्या गोमुखापासून खाली उतरू लागलं, की पडकी देवळं, साग, मोरांचे आवाज आणि दोन्ही बाजूंना लाव्ह्याचे थर दिसतात, मधूनमधून लाल मातीचे पट्टे असलेले. त्या थरांकडे जरूर बघावं. पठारावर इतरत्र ते अंथरलेल्या सतरंजीसारखे सपाट पडलेले असतात. इथं काठाशी येताना ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कलतात आणि अगदी वर तर काही ठिकाणी पार उलथे होतात. जमीन नुसती खचली असती तर थर आत झुकले असते. बाहेर उलथलेला थर म्हणजे आतून बाहेर मारलेल्या जोराची सही आहे.

ही सही वाचायला विज्ञानाला दीडशे वर्षं लागली, आणि ती गोष्ट मला चंद्राच्या मातीपेक्षा कितीतरी रंगतदार वाटते.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या खड्ड्याची नोंद केली. लवणासुराची कथा आणि इथल्या क्षारांची ख्याती त्याच्या कितीतरी आधीची. ऐन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे. अलेक्झांडरनंतर आलेल्या भूवैज्ञानिकांपुढे पेच नव्हताच. चहूकडे लाव्हा, मध्ये खड्डा, मग ज्वालामुखीशिवाय दुसरं काय असणार? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी १९१२ मध्येही कारण जमिनीखालीच शोधलं.

या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र मात्र लोणारपासून हजारो मैलांवरचं आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेतला त्याच्या काळचा सर्वांत तल्लख भूवैज्ञानिक. चंद्रावरची विवरं ज्वालामुखीची नसून आघातांची आहेत, असं त्यानं १८९३ मध्येच ठासून सांगितलं होतं, तेव्हा हे म्हणायला छाती लागत होती. एक गोष्ट मात्र त्याला छळत होती. दगड तिरपा आला तर खळगा लांबट पडायला हवा. मग चंद्रावरची विवरं झाडून सगळी गोल कशी? यासाठी त्यानं मऊ पदार्थांवर गोळे आपटून पाहण्याचे प्रयोगही केले.

त्याच सुमारास त्याच्यासमोर ॲरिझोनातला खड्डाही आला, आज ज्याला मिटिऑर क्रेटर म्हणतात तो. आजूबाजूला अशनीचे लोखंडी तुकडे विखुरलेले. गिल्बर्टनं हिशेब मांडला, की एवढा खड्डा पाडणारा लोखंडी गोळा खाली गाडलेला असणार, आणि असेल तर चुंबकसूची वळणार. सूची हलली नाही. तो प्रामाणिक माणूस, त्यानं आघाताची कल्पना सोडून दिली आणि वाफेच्या स्फोटाची धरली. १८९६ मध्ये हे सगळं मांडताना त्यानं जोडीला उदाहरण दिलं कुणाचं, तर आपल्या लोणारचं! लाव्ह्याच्या प्रदेशात असाच एक गोल खड्डा आहे, तो स्फोटानं झाला असं मानतात, मग हाही तसाच असेल. चुकीच्या बाजूनं साक्ष द्यायला बुलडाणा जिल्ह्यातला साक्षीदार उभा राहिला, आणि दोन्ही खड्डे अशनीनेच पाडलेले होते.

गिल्बर्टचं काय चुकलं? वेग. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं आलेला दगड जमिनीत रुतत नाही. त्याची सगळी गतिऊर्जा क्षणार्धात मोकळी होते आणि तो बहुतांशी वितळून, वाफ होऊन जातो. दिवाळीतला सुतळी बॉम्ब मातीत आडवा पुरा, उभा पुरा किंवा तिरपा, खळगा गोलच पडतो, अशनीचंही तसंच. म्हणून विवरं गोल असतात, आणि म्हणूनच खाली गाडलेला गोळा सापडत नाही. गिल्बर्टची दोन्ही कोडी एकाच किल्लीनं उघडणारी होती.

लोणारच्या बाबतीत अशनीची शंका जोर धरू लागली १९६४ मध्ये, आणि ती घेतली ई. सी. लाफाँड आणि रॉबर्ट डिएट्झ या दोघांनी. दोघांचं खरं कार्यक्षेत्र समुद्र. डिएट्झचं नाव तर सागरतळ पसरतो या सिद्धान्ताशी जोडलेलं. ज्या जिल्ह्याला समुद्र नाही तिथल्या तळ्याचं गुपित समुद्रवाल्यांना खुणावावं याची मला फार गंमत वाटते. १९७२ मध्ये व्ही. के. नायक यांनी इथल्या काचेच्या कणांवर शोधनिबंध लिहून आघाताचा संभाव्य पुरावा पुढे ठेवला. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध आला आणि वाद जवळपास मिटला. आज लोणारविषयीच्या लेखांत १९७३ हमखास असतं, १९७२ क्वचितच. नायकांचं नाव गाइडच्या तोंडी तर मी ऐकलेलंच नाही. अमेरिकी नियतकालिकाचा दबदबा मोठा, हे मान्य. पण ज्यानं आधी त्या काचेकडे बोट दाखवलं त्याचं नाव घ्यायला काय हरकत आहे?

१९७३ चा निर्णायक पुरावा होता मास्केलिनाइट. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारवर प्रचंड दाबाचा धक्का बसला, की त्याची आतली रचना मोडून काच होते, पण स्फटिकाचा बाहेरचा आकार जसाच्या तसा राहतो. ज्वालामुखी दगड वितळवू शकतो, असा धक्का देऊ शकत नाही. हा पदार्थ सर्वप्रथम ओळखला गेला तो १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला, असं पुढे ठरलं! परग्रहाशी नातंच सांगायचं तर लोणारनं चंद्राऐवजी हे सांगावं.

मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचा, म्हणून लोणार अभ्यासकांना हवंहवंसं. मात्र ‘बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ ही जाहिरात आता थांबवायला हवी. ब्राझीलमध्ये वार्जिआँ आणि व्हिस्टा अलेग्रे ही त्याहून मोठी विवरं बेसाल्टमध्येच आहेत. ती झिजली आहेत, लोणार अजून ताजंतवानं दिसतं, आणि तेवढं मोठेपण पुरेसं आहे.

खाली किनाऱ्यावर मात्र वेगळंच शास्त्र सुरू होतं. कमळजा देवीच्या देवळापुढे चिखल पायाला धरतो, कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि पाणी मागे हटलं असेल तर वाळलेल्या गाळावर पांढरी साय दिसते. पाणी झऱ्यांनी आत येतं, बाहेर मात्र फक्त वाफेच्या रूपानं जातं. दगडातून विरघळून आलेलं कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं, सोडियम मागे उरतं आणि पाणी सोड्याचं होतं; सामू दहाच्या आसपास. इथले लोक पूर्वी हा खार गोळा करत आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा त्याच्या प्रती लावत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यात क्षारप्रिय हॅलोआर्किया शोधून काढले. पाणी आटलं, क्षार वाढले, आणि हे रंगीत सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

राहिलं वय. माहितीपत्रकं बिनदिक्कत ‘५० हजार वर्षं’ छापतात. तो आकडा तप्तदीप्ती पद्धतीचा, साधारण ५२ हजार. २०११ मध्ये काचेतल्या आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलेलं वय आलं ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. दहापटीहून जास्त फरक! पहिल्या पद्धतीत स्फटिकात अडकलेले इलेक्ट्रॉन मोजतात. ते काळाच्या ओघात निसटू शकतात किंवा जागा भरल्या की साठणं थांबतं, त्यामुळे वय कमी दिसण्याची भीती. दुसरीत जुन्या बेसाल्टचा आर्गॉन काचेत शिल्लक राहिला तर वय फुगतं. संशोधकांनी तो वगळल्याचा दावा केला आहे. माझा कल आर्गॉनकडे आहे, पण पावणेसहा लाख पावसाळे झेललेला काठ इतका धडधाकट कसा, हा प्रश्न त्या बाजूनं अजून सोडवायचा आहे.