घनश्याम सुंदरा

घनश्याम सुंदरा : पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर होनाजी याची प्रसिद्ध भूपाळी व तिच्यावरून अमर भूपाळी (१९५१) या मराठी चित्रपटासाठी तयार झालेले गीत. शाहिरी रचना, चित्रपटगीत आणि त्या गीताची पुढील काळातील पुनर्गायने अशा तीन अवस्था या एकाच पदात आढळतात. त्यामुळे गीतातील मूळ कशास म्हणावे व आवृत्ती कशास, या प्रश्नाचा विचार करण्यास ते विशेष उपयुक्त आहे.

देवतेस जागे करण्यासाठी पहाटे म्हणावयाच्या पदास भूपाळी म्हणतात. भूप रागावरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. होनाजी शिलारखाने (१७५४–१८४४) हा व्यवसायाने गवळी होता. त्याने रचना कराव्यात व बाळा करंजकर या साथीदाराने त्या गाव्यात, या परिपाठामुळे ही जोडी ‘होनाजी बाळा’ या जोडनावाने ओळखली जाऊ लागली. लावणीकार म्हणून त्याची ख्याती असली, तरी या भूपाळीत शृंगार नाही. धारेची वेळ झाल्याने हंबरणाऱ्या गाई, चरावयास उडालेले पक्षी, तीर्थाच्या वाटेला लागलेले यात्रिक आणि घागरी घेऊन यमुनेवर निघालेल्या गोपी यांच्या वर्णनातून श्रीकृष्णाला जागे करण्यात येते. पदाच्या अखेरीस होनाजीची नाममुद्रा आहे.

शाहिरी रचना मुख्यत्वे मौखिक परंपरेने टिकल्या. शब्द पाठांतरातून व हस्तलिखितांतून पुढे आले. चाल मात्र गाणाऱ्यागणिक व गावागणिक बदलू शकत असे. ध्वनिमुद्रणाने ही स्थिती पालटली. दादासाहेब फाळके यांच्या नाशिक येथील चित्रनिर्मितीच्या काळात चित्रपट मूक होता. १९३२ मध्ये प्रदर्शित झालेल्या अयोध्येचा राजा या बोलपटापासून मराठी चित्रपटात गीताला स्थान मिळाले व त्याची एक ठरावीक गायकी श्रोत्यांच्या कानांत रुजू लागली.

व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल कलामंदिर’ या संस्थेतर्फे निर्मिलेला अमर भूपाळी हा होनाजीच्या जीवनावरील चित्रपट होय. होनाजीची भूमिका पंडितराव नगरकर यांनी केली, तर संध्या यांचा हा पहिला चित्रपट होता. संगीत वसंत देसाई (१९१२–७५) यांचे असून प्रस्तुत भूपाळी नगरकर व लता मंगेशकर यांनी गायिली आहे. १९५२ च्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धाविभागात या चित्रपटाचा समावेश होता. चित्रपटाच्या लोकप्रियतेमुळे ही भूपाळी घरोघर पोहोचली आणि तिची चित्रपटातील चालच श्रोत्यांच्या मनात कायम झाली. म्हणजे एका अर्थी चित्रपटगीत हीच जुन्या पदाची नवी आवृत्ती होती. परंतु पुढील गायकांच्या दृष्टीने तीच मूळ ठरली.

नंतरच्या पुनर्गायनांत सामान्यतः तीन प्रवृत्ती दिसतात : चाल व लय कायम ठेवून केलेले अनुकरण, चाल तीच ठेवून वाद्यमेळात केलेला बदल आणि मैफलीत आलापांच्या साहाय्याने केलेला विस्तार. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांतून ही भूपाळी आजही ऐकावयास मिळते. तिन्ही प्रकारांत आधार बहुधा देसाई यांच्या स्वररचनेचा असतो. शब्द जुने असल्यामुळे चालही पारंपरिकच असावी, असा समज सहज होतो व संगीतकाराचे श्रेय लोपते.

कायद्याच्या दृष्टीनेही शब्द, स्वररचना व ध्वनिमुद्रण या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. होनाजीच्या शब्दांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. भारतीय कायद्यानुसार स्वररचनेवरील हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे देसाई यांच्या बाबतीत २०३५ अखेरपर्यंत टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ ध्वनिमुद्रणास पाच वर्षे पूर्ण झाल्यावर पूर्वसूचना व स्वामित्वशुल्क देऊन त्याची नवी आवृत्ती काढता येते. मात्र तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेले बदल संमतीवाचून करता येत नाहीत आणि ती नवी आवृत्ती असल्याचे वेष्टनावर नमूद करावे लागते.

जुने पद नव्या कंठातून गायिले जाणे, हे परंपरेच्या जिवंतपणाचेच लक्षण होय. होनाजीची भूपाळीही अशा पुनर्गायनानेच टिकली. तथापि होनाजीचे नाव पदाच्या शब्दांतच गुंफलेले असल्याने ते प्रत्येक गायनाबरोबर उच्चारले जाते; स्वररचनाकाराच्या नावाला तशी सोय नाही. म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर कवीप्रमाणेच संगीतकाराचाही स्पष्ट निर्देश होणे अगत्याचे ठरते.