धसईचा कोरडा ऋतू

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो, साधू-साध्वीजींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि श्रावकांच्या घरांतही प्रवासाची बोलणी निघू लागतात. चिखल, शेवाळ आणि जीवोत्पत्ती यांमुळे चार महिने टाळलेल्या वाटा आता वाळलेल्या असतात. पुढचे आठ महिने मोकळे आहेत, असे पंचांग पाहून म्हणता येते. परंतु ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या मुरबाड तालुक्यातील धसईकडे जायचे असेल, तर हे आठ महिने एकसारखे नाहीत. मार्गशीर्षातील धसई आणि वैशाखातील धसई यांत जेवढे अंतर आहे, तेवढे दोन देशांतही क्वचित असेल. हे अंतर पाण्याचे आहे, आणि सहलीचा बेत तेथूनच आखावा लागतो.

मुंबई-ठाण्याचे पर्यटक या भागात येतात ते बहुधा पावसात. माळशेज घाटातील धबधबे, धुके आणि त्याखाली लागलेल्या मोटारींच्या रांगा हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र या मुलखातील जे मानवनिर्मित आहे, ते पावसात नीट दिसत नाही. गोरखगडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या तेव्हा निसरड्या असतात आणि नाणेघाटाच्या लेण्यापुढे ढग उतरलेले असतात. उष्ण कटिबंधातील देशांत जाणारी कुटुंबे हा विचार सहज करतात. कंबोडिया किंवा थायलंडला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि बालीला जायचे तर ऋतू उलटे असल्याने एप्रिलनंतर, हे त्यांना तोंडपाठ असते. जैन स्वयंपाकी बरोबर आहे का, हेही ती आधी विचारून घेतात. कल्याणच्या पुढे तासा-दीड तासावर जाताना मात्र यांपैकी काहीच विचारले जात नाही.

रेल्वेने कल्याणपर्यंत यावे. तेथून मुरबाड सुमारे ३० किलोमीटर. एसटी आहे, जीपही मिळतात. मुरबाडहून म्हशामार्गे धसई. आजूबाजूच्या गावांची आणि पाड्यांची ही बाजारपेठ. राज्यभर तिचे नाव पोहोचले ते नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी, महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून. वडापाववाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत कार्ड घेण्याची यंत्रे बसली आणि वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकली. तरीही खिशात थोडी रोकड असू द्यावी. डोंगराच्या कुशीत मोबाइलला संपर्क मिळेलच, याची शाश्वती कोणी देत नाही.

पौष पौर्णिमेला, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. ज्या कुटुंबाला सहलीची एकच संधी घ्यायची असेल, त्याने ती या दिवसांत घ्यावी. थंडी असते, विहिरींना पाणी असते, भातकापणी उरकल्याने माणसे निवांत असतात. यात्रेत घोंगड्या, शेतीची अवजारे, टोपल्या, मिठाई यांची दुकाने लागतात आणि बैलांचा मोठा बाजार भरतो. जनावरांचा बाजार म्हटला की जैन मन थोडे आक्रसते, ते स्वाभाविक आहे. पण मुलांना त्या बाजूला नेऊच नये, असे नाही. बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, कारण पुढची कित्येक वर्षे ते जनावर त्याच्या दाराशी राहणार असते. शहरातील मुलाला हे कुठल्याही पुस्तकातून कळणार नाही.

त्याआधी काही दिवस, २ जानेवारीला, जवळच्या सिद्धगडावर वेगळ्या कारणाने माणसे जमतात. मुंबईचा वीजपुरवठा तोडण्यासाठी विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे १९४३ साली याच दिवशी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घरात या इतिहासावर चर्चा होईल, आणि ती व्हावी.

धसईहून दहेरीपर्यंत जीप किंवा एसटी जाते. दहेरीतून समोर दोन सुळके दिसतात, त्यांतील मोठा गोरखगड आणि धाकटा मच्छिंद्रगड. गोरक्षनाथांच्या साधनेचे स्थान म्हणून परंपरा त्याला ओळखते; इतिहासाचे अभ्यासक त्याच्याकडे नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरचा पहारा म्हणून पाहतात. कातळात कोरलेल्या पायऱ्या चढून गेल्यावर प्रशस्त गुहा लागते. तिच्यापुढे चाफा आहे आणि त्यापलीकडे खोल दरी. बहुतेक कुटुंबांनी येथेच थांबावे, हे उत्तम. माथ्यावरच्या महादेवाच्या देवळापर्यंतची शेवटची चढण उभ्या कड्यावरून जाते. वृद्धांना आणि लहान मुलांना तेथे नेणे हे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे.

या चढाईची वेळ पाळण्यात जैन कुटुंबाची मूळचीच सोय असते. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. नवकारशी पाळणाऱ्यांना आठपर्यंत काही घ्यायचे नसते. म्हणजे पहाटेच्या गारव्यात निघून अर्धी चढण उरकावी आणि सावलीत बसून नवकारशी पारावी. अडचण येते ती संध्याकाळी. सूर्य सव्वासहाला मावळतो, आणि सूर्यास्त पाहायला म्हणून घाटमाथ्यावर गेलेल्या मंडळींचे चोविहार हुकतात. खेड्यातील खाणावळीची चूल तर आठ वाजता पेटते. म्हणून जेवण पाचच्या सुमारास हवे, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. तांदळाची किंवा नागलीची भाकरी आणि कांदा-लसणाविना वालाची उसळ हा बेत येथील कोणत्याही घरात उत्तम जमतो. एवढेच, की उसळीबरोबर कच्चे ताक येणार नाही, हे पाहावे. द्विदळाचा नियम यजमानांना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच चुलीवर सुकटही शिजत असते. तेव्हा भांडी आपली न्यावीत आणि कारण प्रेमाने सांगावे. नाक मुरडल्याने व्रत अधिक कडक होत नाही.

शिदोरीचेही दोन हंगाम आहेत. फाल्गुन चौमासीपूर्वी निघालेल्या श्वेतांबर कुटुंबाच्या डब्यात खजूर, तिळाचे लाडू, सुकामेवा चालतो. चौमासीनंतर नियम पाळणाऱ्या घरांतून हे सारे आणि पालेभाजीही बाजूला होते. मग खाकरे, मुरमुरे, शेव, फुटाणे यांवरच भिस्त. नेमके याच सुमारास जंगल सर्वांत देखणे असते. पळस, पांगारा, काटेसावर यांच्या निष्पर्ण फांद्या लाल-केशरी होतात, कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, मोहाची फुले गळू लागतात. हे पाहायला होळीच्या आगेमागे जावे. काडेपेटी मात्र गाडीतच ठेवावी. वाळलेल्या गवताला लागलेला वणवा किती जीव घेतो, त्याची मोजदाद होत नाही.

नाणेघाटासाठी वेगळा दिवस ठेवावा. पुन्हा कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर येऊन टोकावडे ओलांडले की वैशाखरे लागते. तेथून अडीच-तीन तासांची चढण. कल्याण आणि सोपारा या बंदरांतील माल जुन्नर-पैठणकडे जाण्याची ही वाट. माथ्याशी कोरलेल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे, आणि त्यातील संख्याचिन्हे भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये गणली जातात. भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांचा अभ्यास केला. राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे येथे होते. आता नावे आणि पावले तेवढी उरली आहेत. वर घाटाच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असे लोक सांगतात. व्यापारी कुळातील वाचकांचे पाय तेथे जरा रेंगाळतील. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल, त्यांनी पुढे जुन्नरला जावे. तेथील मानमोडी डोंगरातील बौद्ध लेण्यांच्या एका समूहाला अंबिका हे नाव आहे, ते त्यांत नंतरच्या काळी कोरलेल्या जैन मूर्तींवरून.

परतीच्या वाटेवर शहापूरच्या मानस मंदिरात दर्शन घेता येते. आसनगाव स्थानक तेथून जवळ आहे.

एवढा सगळा बेत जमला, तरी पाण्याचा हिशेब राहतोच. तानसा धरण १८९२ सालचे, भातसा त्यानंतरचे. दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा जवळपास अर्धा वाटा एकटे भातसा पुरवते. आणि याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बायका पहाटे हंडे घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी पाणी साठण्याची वाट बघत बसतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली असतात. कोरड्या ऋतूतला त्यांचा हा प्रवास कोणाच्या हौसेचा नव्हे. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. आणि नेमके तेव्हाच शहरातील शाळांना सुट्ट्या लागतात.

बेत येथे अडतो. मे महिन्यात सारे घर मोकळे असते, पण मे महिन्यात पाड्यावर मुक्काम करणे म्हणजे दुसऱ्याच्या हंड्यातले पाणी वापरणे. सहा माणसांचे कुटुंब एका सकाळी आंघोळीला जेवढे पाणी घेते, तेवढ्यात पाड्यावरचे एखादे घर दिवस काढते. म्हणून मुक्कामाची सहल माघापर्यंत, फार तर होळीपर्यंत करावी. शाळेच्या दोन दिवसांच्या रजेचा प्रश्न असेल तर प्रजासत्ताक दिनाला जोडून रविवार मिळतो का, ते पाहावे. चैत्र शुद्ध सप्तमीला आयंबिलाची ओळी सुरू होते, पुढे महावीर जन्मकल्याणक येते. तोपर्यंत घरी परतलेले बरे. मे महिन्यातच जायचे असेल, तर पहाटे निघून दुपारपूर्वी परतावे आणि लागणारे सारे पाणी घरून न्यावे. चढाईच्या दिवशी माणशी चार लिटर धरले, तर सहा जणांना २४ लिटर. ओझे वाटेल, पण मुंबईच्या घरी भरलेला तो डबा बहुतांशी शहापूरहूनच आलेला असतो.

कंबोडियात अंगकोरला जाणारे प्रवासी देवळे पाहून थक्क होतात. त्या नगराला कोरड्या महिन्यांत जगवणारे तलाव मात्र कित्येकांच्या नजरेतून सुटतात. तेथील पश्चिम बराई हा अकराव्या शतकातील तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. गोरखगडावरची आणि नाणेघाटातली कातळात खोदलेली टाकी त्यापुढे चिमुकली, पण त्यांमागची काळजी तीच.

या टाक्यांच्या बाबतीत जैन घरांतील जुनी रीत आजही उपयोगी आहे. पाणी दुहेरी वस्त्रातून गाळायचे आणि गाळणीवर उरलेली जीवाणी ज्या पाण्यातली, त्याच पाण्यात परत सोडायची. तीही वरून न ओतता, तळाशी कडी असलेल्या बादलीने पाण्याच्या पातळीपर्यंत नेऊन. बाटलीबंद पाणी पिणाऱ्या पिढीने हे पाहिलेलेही नसते. आजीबरोबर असेल तर तिच्याकडून टाक्याच्या काठावर ते शिकावे. त्या पाण्यात साबण, चूळ, उष्टे भांडे काहीही जाऊ नये. विहीर गावाची असेल तर दोर सोडण्यापूर्वी विचारावे. उकळलेले पाणी वापरणाऱ्यांना ऋतूचा लाभ आहे: त्याची मर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर सांगितली आहे. पाच प्रहर म्हणजे पंधरा तास. पहाटे उकळून नेलेले पाणी त्या दिवशीच्या सहलीला सहज पुरते.

ज्यांचा बेत यंदा हुकला असेल, त्यांच्यासाठी उन्हाळ्यात तालुक्यातला रायवळ आंबा उतरतो. तो रस काढून खाण्यापेक्षा माचून चोखण्याचा, आणि आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंतच घ्यायचा. त्यानंतर आंबा बंद, विहार बंद, आणि दहेरीच्या विहिरींत पुन्हा पाणी चढू लागते.