मॉड्यूल कोणत्या ॲपचे?

जँगो ही पायथॉन भाषेतील वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ उभारताना पुन्हापुन्हा लागणारी यंत्रणा आयती पुरवणारी चौकट होय. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स शहरात, एका दैनिकाच्या कचेरीत २००३ साली तिची जडणघडण सुरू झाली आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात संपूर्ण संकेतस्थळाला प्रोजेक्ट म्हणतात, तर सभासद, वर्गणी, शोध अशी एकेक जबाबदारी उचलणाऱ्या आणि शक्यतो दुसऱ्या प्रोजेक्टमध्येही बसवता येणाऱ्या भागाला ॲप म्हणतात. पायथॉनची एक फाइल म्हणजे एक मॉड्यूल. आणि हाती आलेले मॉड्यूल कोणत्या ॲपचे आहे, हा दिसायला किरकोळ असलेला प्रश्न मोठ्या प्रोजेक्टमध्ये बराच त्रासदायक ठरतो.

प्रत्येक मॉड्यूलला टिंबांनी जोडलेला एक मार्ग असतो, उदाहरणार्थ ‘ग्रंथालय.सभासद.मॉडेल्स’. येथे शेवटून दुसरा शब्द उचलला की ‘सभासद’ हे ॲपचे नाव मिळते, आणि २०१४ मध्ये १.७ ही आवृत्ती येईपर्यंत खुद्द जँगो साधारणपणे हेच करीत असे. परंतु मॉडेलांची, म्हणजे माहितीच्या तक्त्यांचे वर्णन करणाऱ्या वर्गांची, संख्या वाढून ती वेगवेगळ्या फाइलींत विभागली गेली आणि मार्ग ‘ग्रंथालय.सभासद.मॉडेल्स.वर्गणी’ असा लांबला, की याच युक्तीने ‘मॉडेल्स’ असे निरर्थक उत्तर येते. फाइल कोठे ठेवली आहे एवढेच मार्ग सांगतो. ॲप कोणते, हे प्रोजेक्टच्या सेटिंग्जमधील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या यादीत घोषित केलेले असते, आणि म्हणून ते तर्काने काढण्यापेक्षा विचारून घेणेच योग्य.

विचारायचे कोणाला, याचे उत्तर १.७ मध्ये आलेल्या ॲप रजिस्ट्रीने, म्हणजे चालू प्रोजेक्टमधील ॲपांच्या नोंदवहीने दिले. तिच्यातील ‘गेट कंटेनिंग ॲप कॉन्फिग’ या पद्धतीला मॉड्यूलचा मार्ग दिला, की ज्या ॲपांच्या नावाने तो मार्ग सुरू होतो ती सर्व ती गोळा करते आणि त्यांपैकी सर्वांत लांब नावाचे ॲप परत देते. त्यामुळे ‘ग्रंथालय’ आणि त्याच्या पोटातील ‘ग्रंथालय.सभासद’ ही दोन्ही ॲप असली, तरी निवड आतल्याचीच होते. नावानंतर मार्ग संपतो किंवा टिंब येते, याचीही खात्री ती करून घेते, नाहीतर ‘ग्रंथ’ नावाच्या ॲपला ‘ग्रंथालय’मधील सगळ्या फाइली स्वतःच्याच वाटल्या असत्या. ही खबरदारी अवघ्या एका अटीत सामावली आहे, पण घरगुती उपायांत नेमकी तीच राहून जाते. कोणतेच ॲप जुळले नाही, तर उत्तर रिकामे येते. ॲपांची नोंद पूर्ण होण्याआधीच विचारणा केली, तर उत्तराऐवजी त्रुटीचा संदेश मिळतो. मॉडेल हाती असेल, तर एवढ्या शोधाचीही गरज नाही, कारण त्याच्या ‘मेटा’ माहितीत ॲपचे लेबल आधीच लिहिलेले असते.

लेबल म्हणजे ॲपचे आखूड नाव. वेगळे ठरवले नाही, तर ॲपच्या मार्गातील शेवटचा शब्दच लेबल होतो, आणि एका प्रोजेक्टमध्ये दोन ॲपांचे लेबल सारखे चालत नाही. जँगोचे स्वतःचे ‘ऑथ’ ॲप वापरात असताना आपल्या ॲपलाही तेच नाव देणाऱ्याचा प्रोजेक्ट सुरूच होत नाही. हे लेबल डेटाबेसमध्येही उतरते: ‘सभासद’ ॲपमधील ‘वर्गणी’ मॉडेलच्या तक्त्याचे नाव ‘सभासद_वर्गणी’ होते, आणि वापरकर्त्यांच्या परवानग्या व तक्त्यांतील बदलांची नोंद, म्हणजे मायग्रेशन, यांतही तेच लिहिले जाते. म्हणूनच भरल्या डेटाबेसवर लेबल बदलले, तर जँगो त्या ॲपला नवखे समजून रिकामे तक्ते बनवू लागते, आणि जुनी माहिती जुन्या नावाच्या तक्त्यांत तशीच पडून राहते.