अंगठ्याची ठणक आणि ताटातली आमटी

निपाणीकडच्या एका घरी भेटीस गेलो होतो. घरधनी पन्नाशीचे, तंबाखूचे शेतकरी. एका रात्री पायाचा अंगठा असा सुजला की चादरीचा स्पर्शही सोसेना. बेळगावला रक्त तपासले, युरिक ॲसिड ९ निघाले. डॉक्टरांनी गाऊट सांगितला आणि औषध दिले. शेजाऱ्यांनी मात्र डाळ, दूध, पालक सारे बंद करवले. दोन महिने भाकरी-चटणीवर माणूस वाळला, आणि अंगठा पुन्हा सुजला. जत्रेतले मटण आणि सांजची दारू तेवढी सुटली नव्हती!

आपल्या खाण्यात आणि शरीराच्या पेशींत प्युरीन नावाचा पदार्थ असतो. त्याचे युरिक ॲसिड होते व ते मुख्यतः मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ते साचले की सांध्यात खडे धरतात. आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात. आढ्यवात, म्हणजे श्रीमंताचा वात, असेही एक नाव आहे. आता तो गरिबाघरीही येतो.

कमी प्युरीनचे पथ्य मुख्यतः दोघांना सांगतात: गाऊट झालेल्यास, आणि युरिक ॲसिडचा मुतखडा होणाऱ्यास. नुसता आकडा वाढला, दुखणे काहीच नाही, तर बहुधा औषध लागत नाही. वजन व दारू कमी करावी.

टाळायचे ते काळीज, गुर्दा, भेजा, सुकट, तारली आणि दारू, त्यातही बिअर. मटण थोडे व क्वचित. "तुकडे नको, नुसता रस्सा वाढा" ही पळवाट खोटी आहे, कारण प्युरीन पाण्यात उतरते. शुक्रवारी मटण सोडून सुकटीवर ताव मारणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. बाटलीतली गोड पेयेही नकोत.

डाळीचे काय? अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २००४ साली छापून आला: डाळी-भाज्यांतल्या प्युरीनने गाऊट वाढला नाही, आणि दूधदुभते घेणाऱ्यांत तो कमी आढळला. तेव्हा आमटी, ताक, अंडे खुशाल घ्या. पाणी भरपूर प्या. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून.

कडक उपवासानेही युरिक ॲसिड चढते. आजाऱ्याला उपवासाची सक्ती नाही, हे मी त्या घरी मुद्दाम सांगितले. पथ्याने आकडा जेमतेम एकाने उतरतो; गाऊटमध्ये तो ६ च्या खाली लागतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी दुखणे थांबले तरी आपल्या मनाने सोडू नये. आमच्या घरधन्यांनी तीही सोडली होती.