तांबडं वर्तमानपत्र

गेल्या रविवारी चहा आणि पेपर घेऊन बसलो होतो. नात समोर येऊन उभी राहिली. इंग्रजी माध्यमात चौथीला आहे. म्हणाली, ‘‘आबा, कोडं घालू? व्हॉट इज ब्लॅक अँड व्हाइट अँड रेड ऑल ओव्हर?’’

काळं, पांढरं आणि सगळीकडून लाल! कोल्हापूरच्या माणसाला हे कोडं अवघड कशाला जाईल? ‘‘मटणाचं ताट,’’ मी म्हणालो. ‘‘पांढरा रस्सा, तांबडा रस्सा आणि मधे काळपट सुक्कं.’’

तिनं माझ्या हातातल्या पेपरावर बोट ठेवलं. ‘‘न्यूजपेपर!’’ आणि ती खदखदून हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला काहीही कळलं नव्हतं. वर्तमानपत्र तांबडं कधी असतं?

असं हसण्याची सवय जुनी. नोकरी लागल्यावर मुंबईला प्रशिक्षणाला गेलो होतो. शिकवणारे साहेब मधेच इंग्रजीत काहीतरी बोलायचे, वर्ग हसायचा. मी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसायचो, किंचित उशिरा. एकदा साहेबांनी मलाच विचारलं, यात हसण्यासारखं काय ते सांगा. त्यानंतर मी इंग्रजी विनोदाला हसणंच सोडलं. पुढं कचेरीत लोक मला शिष्ट समजू लागले, ते वेगळंच.

दुपारी आडवा झालो असताना डोक्यात उजेड पडला. रेड म्हणजे ‘वाचलेलं’! आर-ई-ए-डी. लाल रंगाचं स्पेलिंग आर-ई-डी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. आम्ही मराठी शाळेत एबीसीडी गिरवली ती पाचवीत. स्पेलिंगं घोकली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उपसली. इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी. कानावर ते पडणार कुठून? डोळ्यांना हे दोन शब्द निराळे दिसतात, कानाला मात्र एकच. कोटी कानातली, आणि मी ती कागदावर शोधत बसलो. गंमत अशी, की देवनागरीत दोन्ही ‘रेड’ सारखेच लिहावे लागतात. तिथं स्पेलिंग आडवं येत नाही.

आमच्या कोट्यांचं बरं असतं. बोलतो तसंच जवळजवळ लिहितो, त्यामुळं त्या कागदावरही दिसतात. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चं पु. ल. देशपांडे यांनी केलेलं मराठी रूपांतर 1965 मध्ये आलं. नाव काय दिलं, तर ‘एका कोळियाने’. मूळ नावात विनोदाचा मागमूस नाही!

संध्याकाळी कपाटातून ते पुस्तक काढून नातीला दाखवलं. नाव वाचून ती गप्पच. ‘‘कोळी म्हणजे फिशरमन ना? मग?’’

‘‘अगं, स्पायडरही कोळीच. आम्ही लहानपणी पाठ केलेली कोळ्याची कविता याच शब्दांनी सुरू व्हायची.’’

ती हसली. किंचित उशिरा. ते हसू मी लगेच ओळखलं.

‘‘कळलं का गं?’’

‘‘नाही.’’

मग तिला माळ्याच्या कोपऱ्यातलं जाळं दाखवलं. ती बराच वेळ वर बघत राहिली. ‘‘आबा, म्हणजे दोघांकडं जाळं! त्याचं नेट, याचं वेब, आणि मराठीत दोन्ही जाळंच?’’ या वेळी ती खरोखर हसली, आणि मीही.

गोष्टीतला म्हातारा मासा धरतो तो गळानं, जाळ्यानं नव्हे. ते मात्र मी तिला सांगितलं नाही.